वारिस दिरी बोलली, त्याची गोष्ट

सोमालियातल्या गालकायो भागात, उंट-शेळ्या घेऊन भटकणाऱ्या एका कुटुंबात १९६५च्या सुमारास वारिस दिरी जन्मली. ती पाचेक वर्षांची असताना तिचं जननांग कापून शिवून टाकलं गेलं. त्या वेळी तिला घट्ट धरून बसली होती तिची सख्खी आई. पुढे ती तेराएक वर्षांची झाली आणि वडिलांनी पाच उंटांच्या मोबदल्यात तिचं लग्न एका म्हाताऱ्याशी ठरवलं. तेव्हा पहाटेच्या अंधारात तिला उठवून पळून जायला सांगणारीही तीच आई. वारिसच्या आयुष्यातलं मला सर्वांत थक्क करणारं कोडं हेच आहे.

अनवाणी वाळवंट तुडवत ती मोगादिशूला पोचली. एक काका लंडनला सोमालियाचे राजदूत होते, त्यांच्याकडे घरकामाला गेली. काकांची मुदत संपली, ते परतले. ही मात्र तिथेच राहिली. मॅकडॉनल्ड्समध्ये साफसफाई करायची आणि जमेल तसं इंग्रजी शिकायचं, असा तिचा दिनक्रम होता. अशा मुलीचा फोटो टेरेन्स डोनोवन या नामवंत छायाचित्रकाराने काढला आणि ती १९८७च्या पिरेली कॅलेंडरवर झळकली. त्याच कॅलेंडरमध्ये सोळा वर्षांची नाओमी कॅम्पबेलही होती. पाठोपाठ जेम्स बाँडच्या चित्रपटात छोटी भूमिका मिळाली, मग रेव्हलॉनसारख्या कंपन्यांच्या जाहिराती.

या झगमगाटात तिच्या शरीराचे हाल कुणालाच दिसत नव्हते. लहानपणी शिवताना आगकाडी जेमतेम जाईल एवढंच भोक ठेवलेलं. लघवी थेंबाथेंबाने व्हायची, पाळीच्या दिवसांत वेदनांनी शुद्ध हरपायची. अखेर लंडनमधल्या एका डॉक्टरने शस्त्रक्रिया करून ती शिवण उसवली. सगळ्याच बायकांना असं सोसावं लागत नाही, हेही तिला परदेशात आल्यावरच उमगलं.

१९९७मध्ये ‘मारी क्लेअर’ मासिकाला तिच्याकडून भटकी मुलगी मॉडेल कशी झाली, ती सुरस कहाणी हवी होती. वारिसने तिच्याऐवजी स्वतःच्या सुंतेची हकिकत सांगितली. जगप्रसिद्ध चेहऱ्याची बाई या विषयावर स्वतःच्या नावानिशी बोलते, हे तोवर जवळपास घडलंच नव्हतं. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने तिला या प्रथेविरुद्धच्या मोहिमेची विशेष राजदूत नेमलं.

बोलण्याने असं काय होतं? इथे त्या आईचं कोडं सुटू लागतं. ही प्रथा इस्लाम आणि ख्रिस्ती धर्मापेक्षाही जुनी आहे. कुराणात तिचा उल्लेख नाही. ती टिकते ती लग्नाच्या बाजारावर. न कापलेल्या मुलीला नवरा मिळणार नाही, असं गावात सगळेच धरून चालत असतील, तर एकटी आई काय करणार? लेकीवरची मायाच तिला पातं मारणाऱ्या बाईपुढे नेऊन बसवते. मनातून अनेकींना ते नको असतं, पण कुणी बोलत नाही, म्हणून जिला तिला वाटतं की नको असलेली आपण एकटीच.

गेरी मॅकी या अभ्यासकाने १९९६मध्ये याची तुलना चीनमधल्या पाय बांधण्याच्या प्रथेशी केली. शतकानुशतकं चाललेली ती प्रथा मोडली तीही एकत्र शपथ घेऊन: आमच्या मुलींचे पाय बांधणार नाही आणि बांधलेल्या पायांची सून आणणार नाही. वारिसने तोंड उघडलं त्याच १९९७च्या जुलैत सेनेगलमधल्या मालिकुंडा बांबारा गावच्या बायकांनी ही प्रथा सोडत असल्याचं जाहीर केलं. ‘तोस्तान’ संस्थेच्या वर्गांत आरोग्य आणि हक्कांविषयी शिकलेल्या त्या बायका. पुढे हजारो गावांनी तसं जाहीर केलं. मॅकी यांच्या अभ्यासाशी संबंध नसताना त्या गावाने तीच वाट शोधली, याचं नवल वाटल्याशिवाय राहत नाही.

वारिसने २००२मध्ये व्हिएन्नात ‘डेझर्ट फ्लॉवर फाउंडेशन’ काढलं. २०१३मध्ये बर्लिनच्या वाल्डफ्रीडं रुग्णालयात तिच्या पुढाकाराने केंद्र सुरू झालं. तिथे अशा बायकांवर शस्त्रक्रिया होतात, मनालाही उपचार मिळतात.

हा प्रश्न आफ्रिकेपुरता नाही. युनिसेफच्या २०२४च्या अंदाजानुसार जगात तेवीस कोटींहून अधिक मुली आणि बायका यातून गेल्या आहेत. आपल्याकडे दाऊदी बोहरा समाजात ‘खतना’ होतो. त्याचं स्वरूप सोमालियातल्या प्रथेहून वेगळं असलं, तरी अजाण मुलीच्या शरीरावर तिला न विचारता पातं चालतंच. मुंबईत २०१५मध्ये स्थापन झालेल्या ‘सहियो’ने अशा बायकांच्या कहाण्या गोळा करून लोकांपुढे आणल्या. २०१७मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयातही गेलं. कायदा हवाच. पण कायद्याच्या आधारे नकार देणाऱ्या आईला, आपल्यासारख्या आणखी जणी आहेत हे ठाऊक असलं पाहिजे. ते तिला कळतं कुणीतरी आधी उघड बोलल्यामुळे. म्हणून वारिसची ती मुलाखत मला तिच्या कुठल्याही मुखपृष्ठापेक्षा मोलाची वाटते.