नव्या आउटलुकमध्ये जुने मेल जातात कुठे?

न्यूझीलंडमध्ये 2000 च्या आगेमागे आलेल्या मराठी घरांत एखादा जुना कॉम्प्युटर हमखास सापडतो. कधी गराजमध्ये, कधी अभ्यासाच्या खोलीत, पण टाकून दिलेला नसतो. त्यात इमिग्रेशनची पत्रं असतात, पहिल्या नोकरीचं ऑफर लेटर, घराच्या कर्जाचे कागद, नाशिकहून भावाने पाठवलेले मुंजीचे फोटो. सगळं मेलमध्येच पडून. अशा घरांत सध्या एक प्रश्न फिरतो आहे: विंडोज सारखं नवीन आउटलुक घ्या म्हणतंय, घेऊ का? उत्तर द्यायला शेजारी असतात, भाचे असतात, व्हॉट्सअॅपवरचे जाणकार असतात, आणि प्रत्येकाच्या उत्तरात अर्धं खरं, अर्धं ऐकीव असतं.

बदल टाळता येणार नाही, हे तर स्पष्ट आहे. विंडोजबरोबर फुकट येणारं साधं 'मेल' अॅप मायक्रोसॉफ्टने 31 डिसेंबर 2024 ला बंद केलं. आता त्यातून मेल जातही नाही आणि येतही नाही. ऑफिस 2016, ऑफिस 2019 आणि विंडोज 10 यांचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. म्हणजे ही जुनी आउटलुक चालतील, पण त्यांच्यात सापडणारी सुरक्षेची भोकं कोणी बुजवणार नाही. तेव्हा हलायचं तर आहेच. पण हलताना सोबत काय येतं आणि मागे काय राहतं, हे आधी कळायला हवं.

'नवीन आउटलुक म्हणजे जुन्याचीच पुढची आवृत्ती'

नावामुळे हा समज पक्का होतो, आणि त्यात लोकांची चूक नाही. आउटलुक हे नाव मायक्रोसॉफ्टने इतक्या वेगवेगळ्या वस्तूंना दिलं आहे की कोणाचाही गोंधळ व्हावा. विंडोज एक्सपीच्या काळातलं आउटलुक एक्सप्रेस हे ऑफिसमधल्या आउटलुकची छोटी आवृत्ती नव्हतं. तो वेगळाच प्रोग्रॅम होता आणि मेल साठवण्याची त्याची पद्धतही वेगळी होती. नवीन आउटलुकचंही तसंच. 1997 पासून चालत आलेल्या प्रोग्रॅमला आता 'क्लासिक' म्हणतात. 'न्यू' अशी चिठ्ठी चिकटवलेल्या चिन्हाचं नवीन आउटलुक मुळात वेबवरच्या आउटलुकच्या पायावर उभं केलेलं आहे. दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी नांदतात. एक उघडलं म्हणून दुसरं पुसलं जात नाही.

या फरकाचा रोजच्या कामावर परिणाम होतो. क्लासिकला जोडलेले जुन्या धाटणीचे पूरक प्रोग्रॅम, ज्यांना कॉम अॅड-इन म्हणतात, ते नवीनमध्ये चालत नाहीत. तिथे फक्त वेबच्या धर्तीचे चालतात. एखाद्या दुकानाचा हिशेबाचा प्रोग्रॅम आउटलुकमधून थेट इन्व्हॉइस पाठवत असेल, तर आधी त्या प्रोग्रॅमच्या विक्रेत्याला विचारा. मेल आला की तो आपल्या कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमध्ये आपोआप सरकवणारे नियमही तिथे चालत नाहीत. इंटरनेट नसताना मेल वाचायचे असतील, तर किती दिवसांचे मेल कॉम्प्युटरवर ठेवायचे ते सेटिंगमध्ये ठरवावं लागतं. क्लासिकची सवय असलेल्यांना हे सुरुवातीला खटकतं.

'प्रोग्रॅम बदलला की जुने मेल जातात'

सर्वांत जास्त भीती हीच असते. ती काही घरांत पूर्ण खोटी ठरते आणि काही घरांत अगदी खरी. तुमचं घर यातलं कुठलं, हे तुमचं खातं कोणत्या पद्धतीने जोडलंय त्यावर ठरतं.

आयमॅप पद्धतीत मेल सर्व्हरवर राहतो आणि कॉम्प्युटरवर दिसते ती त्याची प्रत. पासबुक हरवलं म्हणून बँकेतले पैसे जात नाहीत, तसंच. जीमेल, आउटलुक डॉट कॉम आणि बहुतेक ऑफिसांची खाती आज आयमॅप किंवा तिच्यासारख्याच पद्धतीने चालतात. नवीन प्रोग्रॅममध्ये खातं जोडलं की थोड्या वेळात सगळे मेल पुन्हा उतरतात.

पॉप ही जुनी पद्धत. तिच्यात प्रोग्रॅम सर्व्हरवरून मेल घरी आणतो आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरचा पुसून टाकतो. डायल-अपच्या दिवसांत सर्व्हरवर जागा थोडी असायची, म्हणून बहुतेकांनी तसंच सेटिंग ठेवलेलं असायचं. अशा घरांत 2003 चा मेल जगात एकाच ठिकाणी असतो: त्या जुन्या डब्याच्या हार्ड डिस्कवर. नवीन कॉम्प्युटरवर खातं जोडलं तर इनबॉक्स बराचसा रिकामा दिसेल, आणि मग 'नवीन आउटलुकने मेल खाल्ले' अशी ओरड होते. खाल्ले कोणी नाहीत. ते तिथे नव्हतेच.

आपलं काय आहे ते कसं ओळखायचं? क्लासिक आउटलुकमध्ये वर डावीकडे फाइल वर टिचकी मारा, मग अकाउंट सेटिंग्ज. जी खिडकी उघडते तिच्यात पहिल्याच पानावर प्रत्येक खात्यापुढे पॉप की आयमॅप ते लिहिलेलं असतं. शेजारचं डेटा फाइल्सचं पान उघडा. तिथे फाइलचं नाव आणि ती डिस्कवर कुठे आहे तो पूर्ण रस्ता दिसतो. नावाच्या शेवटी ओएसटी असेल तर ती सर्व्हरवरच्या मालाची प्रत आहे. पीएसटी असेल तर ती तुमची स्वतःची तिजोरी समजा. आउटलुक बंद करा आणि त्या पीएसटीची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. आउटलुक चालू असताना प्रत घ्यायला गेलं की फाइल वापरात असल्याचं कारण देऊन विंडोज अडवतं, आणि लोकांना वाटतं फाइल बिघडली.

आकाराचीही एक गोम आहे. आउटलुक 2002 आणि त्याआधीच्या पीएसटी फाइलला 2 जीबीची मर्यादा होती आणि तिथवर पोचलेली फाइल बिघडायची. 2003 पासून नवा साचा आला, त्यात 20 जीबीपर्यंत आणि 2010 पासून 50 जीबीपर्यंत मेल मावतात. पण जुन्या साच्यात बनलेली फाइल 2003 नंतरच्या आउटलुकमध्ये नुसती उघडल्याने साचा बदलत नाही. ज्यांची फाइल 2 जीबीच्या जवळ आली आहे त्यांनी क्लासिकमध्येच नवी पीएसटी बनवून त्यात मेल हलवावेत.

हे सगळं क्लासिक हाताशी असतानाच करायचं, कारण नवीन आउटलुकला पीएसटी आधी मुळीच उघडता येत नव्हती. पुढे ती सोय टप्प्याटप्प्याने आली, तीही सुरुवातीला फक्त वाचण्यापुरती. सर्वांत खात्रीचा मार्ग जरा कंटाळवाणा आहे: क्लासिकमध्ये एखादं आयमॅप खातं जोडायचं आणि पीएसटीतली महत्त्वाची फोल्डरं ओढून त्यात टाकायची. मेल सर्व्हरवर चढले की कुठल्याही प्रोग्रॅममध्ये दिसतात. वीस वर्षांचे मेल चढायला रात्र लागली तर लागू द्या.

ज्यांचा इथे व्यवसाय आहे, मग तो डेअरी असो की अकाउंटिंग, त्यांनी तर हे टाळूच नये. न्यूझीलंडच्या इनलँड रेव्हेन्यूच्या नियमानुसार व्यवसायाच्या नोंदी सात वर्षं ठेवाव्या लागतात, आणि आजकाल निम्मी बिलं मेलमध्येच असतात.

'आता मेलचा पत्ताही बदलावा लागेल'

नाही. पत्ता देणारा वेगळा आणि वाचायचा प्रोग्रॅम वेगळा. जीमेलचा पत्ता आउटलुकमध्ये चालतो, थंडरबर्डसारख्या दुसऱ्या मेल प्रोग्रॅममध्ये चालतो, फोनवर चालतो.

मात्र हा गैरसमज न्यूझीलंडमध्ये इतका घट्ट का, याला इतिहास आहे. इथे बहुतेकांनी पहिला पत्ता इंटरनेट कंपनीकडून घेतला. व्होडाफोनने 30 नोव्हेंबर 2017 ला आपली मेल सेवाच बंद केली आणि तिच्याबरोबर आयहग, पॅराडाइज, क्लिअर अशा जुन्या कंपन्यांच्या नावाचे पत्ते संपले. त्याच वर्षी स्पार्क या कंपनीने आपल्या एक्स्ट्रा सेवेचे मेल याहूकडून काढून एसएमएक्स या न्यूझीलंडच्याच कंपनीकडे नेले. तिथे पत्ते टिकले, पण आतलं सगळं यंत्र बदललं. या दोन घटना आणि घरातला प्रोग्रॅम बदलणं यांचा लोकांच्या डोक्यात एकच गठ्ठा झाला. पत्ता जातो तो कंपनी सेवा बंद करते म्हणून. आउटलुक बदलल्याने जात नाही. माझं मत विचाराल तर बँकेला, इनलँड रेव्हेन्यूला आणि पासपोर्टच्या अर्जात इंटरनेट कंपनीचा पत्ता अजूनही दिलेला असेल, तर तो बदलणं नव्या आउटलुकपेक्षा जास्त निकडीचं आहे.

'पासवर्ड बरोबर आहे तरी घेत नाही, म्हणजे खातं हॅक झालं'

बहुतेक वेळा असं काही झालेलं नसतं. जुने प्रोग्रॅम सर्व्हरला नुसतं नाव आणि पासवर्ड सांगत. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ही पद्धत मे 2022 च्या अखेरीस बंद करायला घेतली, मायक्रोसॉफ्टने आपल्या वैयक्तिक खात्यांसाठी 16 सप्टेंबर 2024 ला. आता प्रोग्रॅमने ब्राउझरसारखी खिडकी उघडून, फोनवर होकार घेऊन आत जायचं असतं. ज्या प्रोग्रॅमला हे येत नाही तो तुमचा बरोबर पासवर्डही चुकीचा म्हणून दाखवतो. जीमेलच्या बाबतीत दोन टप्प्यांची तपासणी चालू करून सोळा अक्षरांचा अॅप पासवर्ड काढता येतो, आणि त्यावर जुना प्रोग्रॅमही चालतो. 'तुमचं खातं बंद होतंय, इथे टिचकी मारा' असे मेल नेमके याच काळात येतात, आणि घाबरलेला माणूस टिचकी मारतो. असे मेल सरळ पुसा.

'नवीन प्रोग्रॅमने मराठी मेल खराब केले'

ही तक्रार फक्त आपल्यासारख्यांची, त्यामुळे इंग्रजी मदतपानांवर तिचं उत्तर सापडत नाही. युनिकोड रुळण्याआधी आपण शिवाजी, श्रीलिपी, कृतिदेव असे फॉन्ट वापरून लिहायचो. त्या मेलमध्ये खरं पाहता मराठी अक्षरं नाहीतच. आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली आहेत; फॉन्ट त्यांना देवनागरीचा आकार देत होता. नव्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नाही, म्हणून आईचं पत्र अर्थहीन रोमन अक्षरांसारखं दिसतं. मेल जसाच्या तसा आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट आणून बसवा, नाहीतर मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठीची साधनं फुकट मिळतात.

दुसरा प्रकार वेगळा. डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यापुढे काहीबाही चिन्ह, अशी जोडी दर अक्षराला पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर तो मेल युनिकोडमध्येच आहे, फक्त प्रोग्रॅम तो चुकीच्या संकेताने वाचतो आहे. क्लासिक आउटलुकमध्ये मेल उघडून अॅक्शन्सच्या यादीतून एन्कोडिंग यूटीएफ-8 केलं की देवनागरी समोर येते. असे मेल जुन्या कॉम्प्युटरवर वाचता येतात तोवरच त्यांची पीडीएफ काढून ठेवली, तर पुढचा त्रास वाचेल.

'जुनं ते धोक्याचं, मोठ्या कंपनीचं ते सुरक्षित'

याला उत्तर द्यायला न्यूझीलंडइतकी योग्य जागा नाही. जगभर वापरला गेलेला एक मेल प्रोग्रॅम इथल्या डनेडिन शहरात जन्मला. ओटागो विद्यापीठात नोव्हेल कंपनीचं नेटवर्क बसवलं तेव्हा त्यात मेलची सोय नव्हती आणि विकत घ्यायला पैसे नव्हते. तिथे काम करणाऱ्या डेव्हिड हॅरिस यांनी मग स्वतःच एक प्रोग्रॅम लिहिला आणि 1990 मध्ये फुकट वाटला: पेगॅसस मेल. नव्वदीच्या दशकात अनेक देशांतल्या विद्यापीठांनी तो वापरला. हॅरिस प्रोग्रॅमचे पैसे घेत नसत, फक्त छापील माहितीपुस्तक विकत. जानेवारी 2007 मध्ये पैशाअभावी काम थांबवत असल्याचं त्यांनी जाहीर केलं, वापरणाऱ्यांचा पाठिंबा आला आणि ते काम पुन्हा सुरू झालं.

मे 2000 मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा मेल जगभर पसरला. त्यातलं जोडपत्र उघडलं की ते आउटलुकच्या अॅड्रेसबुकातल्या सगळ्यांना स्वतःच्या प्रती पाठवायचं. पेगॅसस वापरणाऱ्याने ते उघडलं तर त्याच्या फाइलींचं नुकसान व्हायचंच, पण मेलमधून पुढे पसरायला त्याला आउटलुक लागायचं. एका माणसाने डनेडिनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम त्या बाबतीत मोठ्या कंपनीच्या प्रोग्रॅमपेक्षा बरा ठरला. याचा अर्थ जुन्याला कवटाळून बसा असा नाही. ज्याची दुरुस्ती थांबली तो प्रोग्रॅम धोक्याचाच. पण नुसत्या नावावर भरवसा ठेवणंही तितकंच भाबडं.

पेगॅससमध्ये प्रत्येक फोल्डर म्हणजे तुमच्या डिस्कवरची फाइल. मेलचं अख्खं फोल्डर उचलून नव्या कॉम्प्युटरवर ठेवलं की काम झालं. नवीन आउटलुक याच्या बरोबर उलट टोकाला आहे. त्यात जीमेल, याहू किंवा दुसरं आयमॅप खातं जोडलं की तुमचे मेल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्येही आणले जातात. खातं जोडताना तशी सूचना येते. आपण ती न वाचता पुढे जातो. साध्या आयमॅप खात्याचं नाव आणि पासवर्डही मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे जातो, हे जर्मनीतल्या हाइझे या प्रकाशनाने नोव्हेंबर 2023 मध्ये दाखवून दिलं होतं. फुकट वापरणाऱ्यांना वर जाहिरातीही दिसतात. घरगुती मेलसाठी हे अनेकांना चालेल. पण तुम्ही दवाखाना, वकिली किंवा हिशेबाचं काम करत असाल तर थांबून विचार करा. न्यूझीलंडच्या प्रायव्हसी अॅक्ट 2020 नुसार लोकांची माहिती तुमच्या वतीने दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर असली तरी जबाबदारी तुमचीच राहते. अशांना क्लासिक किंवा थंडरबर्ड बरं.

आणि नवीनच आउटलुक घ्यायची घाई कोणालाच नाही. मायक्रोसॉफ्ट 365 ची वर्गणी भरणाऱ्यांचं क्लासिक आउटलुक किमान 2029 पर्यंत चालू ठेवण्याचं कंपनीने सांगितलं आहे. जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कबद्दल मात्र असं आश्वासन कोणी दिलेलं नाही. तेव्हा नवीन आउटलुक घ्यायचं की नाही ते सावकाश ठरवा; पीएसटीची प्रत या शनिवारी काढा.