‘नसांची गोळी’ आणि रात्रीची झोप

मधुमेहाच्या अनेक रुग्णांचा दिवस कसाबसा सरतो; खरा त्रास सुरू होतो तो अंथरुणाला पाठ टेकल्यावर. तळपायांची आग होते, मुंग्या येतात, मधूनच सुई टोचावी तशी कळ जाते. पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होतो. दिवसा कामाच्या नादात मागे पडलेली वेदना रात्रीच्या शांततेत पुढे येते. अशा वेळी डॉक्टर प्रेगाबॅलिन किंवा गॅबापेंटिन लिहून देतात आणि आठवडाभरात घरात चर्चा होते ती पायांची नव्हे, झोपेची. ‘या गोळीने झोप छान लागते’ हे वाक्य मग शेजारीपाजारी पोहोचते आणि ज्याच्या पायांना काहीही झालेले नाही, असा माणूसही त्याच पाकिटातली गोळी मागून नेतो.

ही औषधे मुळात झोपेची नव्हेत. गॅबापेंटिनला अमेरिकेत 1993 मध्ये मान्यता मिळाली ती अपस्मारासाठी, म्हणजे फिट्ससाठी. नागीण बरी झाल्यावर मागे राहणाऱ्या वेदनेसाठी ती 2002 मध्ये मिळाली. प्रेगाबॅलिन हे त्याचे धाकटे भावंड 2004 मध्ये आले. मेंदूला शांतवणाऱ्या ‘गाबा’ या रसायनाशी रचनेचे साम्य असल्याने गॅबापेंटिनला ते नाव पडले. प्रत्यक्षात मात्र ते गाबाच्या मार्गाने काम करीत नाही. मज्जातंतूंच्या टोकांशी कॅल्शियम आत घेणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. त्यांच्या एका भागाला ही औषधे चिकटतात, त्यामुळे वेदनेचा निरोप पुढे नेणारी रसायने कमी प्रमाणात स्रवतात. बिघडलेल्या तंतूंचा कोलाहल मंदावतो.

झोपेवरील परिणाम दुहेरी आहे. वेदना शमल्यामुळे जाग येणे कमी होते, हा एक भाग. दुसरा भाग असा की, गाढ झोपेचा काळ या औषधांनी वाढतो, असे झोपेच्या तपासण्यांत दिसून आले आहे. डायझेपामच्या कुळातील झोपेच्या गोळ्यांनी ही गाढ झोप उलट कमी होते. त्यामुळे सकाळी अंग हलके वाटते, असे रुग्ण सांगतात ते अगदीच मनाचे खेळ नसतात.

वेदनेखेरीज आणखी एका विकारात या औषधांना पक्की जागा मिळाली आहे. संध्याकाळनंतर पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत, सारखे हलवावेसे वाटतात, उठून चालले की बरे वाटते, असा हा विकार. अमेरिकेतील निद्रावैद्यक संस्थेने 2025 च्या मार्गदर्शिकेत त्यासाठी गॅबापेंटिन व प्रेगाबॅलिनची ठाम शिफारस केली. मात्र त्याआधी रक्तातील लोहाचा साठा तपासावा लागतो. कित्येकदा लोह भरून काढल्यानेच पाय शांत होतात.

ना वेदना, ना पायांची चुळबूळ, नुसताच निद्रानाश असेल, तर मात्र या औषधांच्या बाजूचा पुरावा तोकडा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने निद्रानाशासाठी त्यांना मान्यता दिलेली नाही. तेथील फिजिशियनांच्या महाविद्यालयाने 2016 मध्ये प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून सवयी व विचार बदलण्याची उपचारपद्धती सुचविली : उठण्याची वेळ एकच ठेवणे, झोप येत नसेल तर अंथरूण सोडणे, पलंगावरचा काळ मोजका ठेवणे. गोळीपेक्षा हे कष्टाचे काम आहे, हे खरेच.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. प्रेगाबॅलिन बाजारात अनेकदा एकटे येत नाही. एकाच गोळीत त्याबरोबर मिथाइलकोबालामिन हे जीवनसत्त्व आणि कधी नॉरट्रिप्टिलिनही असते. रुग्णाच्या लेखी ती ‘नसांची’ किंवा ‘शक्तीची’ गोळी. गुंगी आणणारी दोन औषधे आपण एकदम घेत आहोत, हे त्याच्या गावीही नसते. नॉरट्रिप्टिलिनने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांना लघवी अडू शकते.

वृद्धांच्या बाबतीत मोठी भीती पडण्याची. रात्री लघवीला उठल्यावर गुंगीत तोल जातो आणि खुब्याचे हाड मोडते. त्यातच ही औषधे शरीरातून जवळजवळ जशीच्या तशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात. ज्या मधुमेहाने पायांचे तंतू बिघडवले, त्यानेच मूत्रपिंडही दुबळे केलेले असते. म्हणून क्रिएटिनिन पाहून मात्रा कमी करावी लागते. ट्रॅमाडॉलसारखी अफूवर्गीय वेदनाशामके, मद्य किंवा दम्यासारखा श्वसनविकार जोडीला असेल, तर श्वास मंदावण्याचा धोका असतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर 2019 मध्ये तसा इशारा दिला. व्यसन व गैरवापर वाढल्याने ब्रिटनने त्याच वर्षी एप्रिलपासून दोन्ही औषधे नियंत्रित यादीत टाकली. काहींना घोट्यांवर सूज येते, वजन वाढते.

गॅबापेंटिन घेणाऱ्यांनी आम्लपित्तावरचे अॅल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त पातळ औषध त्याच वेळी घेऊ नये, दोन तासांचे अंतर ठेवावे. एरवी औषध कमी शोषले जाते. आणि बरे वाटले म्हणून गोळी एकाएकी बंद करू नये. अपस्माराच्या रुग्णाला त्याने फिट येऊ शकते, इतरांना घाम, अस्वस्थता आणि जागरण. हे जागरण म्हणजे जुना आजार उलटला, असे समजून रुग्ण पुन्हा गोळीकडे वळतो. वास्तविक तो गोळी तुटल्याचा परिणाम असतो. मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्याने निदान आठवडाभरात, आणि औषध बरेच महिने चालले असेल तर त्याहून सावकाश, उतरवत न्यावी लागते.