सड्यावरचा हत्ती

कोकणात जाणारा पाहुणा समुद्र बघतो, गणपतीपुळ्याला हात जोडतो, मासे खातो आणि परततो. माझं सांगणं एवढंच, की या खेपेला अर्धा दिवस सड्यासाठी राखून ठेवा.

राजापूर तालुक्यातलं कशेळी गाव कनकादित्याच्या देवळामुळे ठाऊक असतं. तिथल्या सड्यावर जांभ्यात कोरलेला हत्ती आहे, सुमारे १८ मीटर लांबीचा. तो एकदम दिसत नाही. आधी नुसत्या रेघा, मग पाय, मग सोंड. त्याच्या अंगातही इतर प्राण्यांची दाटी. अभ्यासक ही कातळशिल्पं इतिहासपूर्व काळातली मानतात. पण कोरणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. बँकेत उभा जन्म मी सह्या पडताळल्या. ही सही कुठल्याच खात्याशी जुळत नाही!

२०२२ साली कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. मान मिळाला, तशी गर्दीही वाढणार. पण जांभा म्हणजे काळा पत्थर नव्हे. बुटांखाली रेघा झिजतात. शिवाय पुष्कळ शिल्पं खासगी जमिनीत आहेत, आणि जांभ्याच्या सड्यावर चिरेखाण काढली की रोकडा पैसा मिळतो. तो सोडून जमीनमालकाने हत्ती राखावा, असं वाटत असेल तर पाहुण्याने फुकटात बघून निघून जाऊ नये. वाटाड्या गावातला घ्या, जेवण गावातच सांगा, रेघांवर पाय देऊ नका.

आणि उन्हं कलल्यावर जा. रेघांत सावली भरते, तेव्हा हत्ती उठून दिसतो.