चित्र लावायचंय? भिंती भरपूर आहेत!

अजिंठ्याची चित्रं तीनदा आगीच्या भक्ष्यस्थानी पडली, आणि तिन्ही वेळा आग लागली ती अजिंठ्यापासून हजारो किलोमीटर दूर! जळाल्या त्या अर्थात प्रतिकृती. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून लेण्यांत वर्षानुवर्षं बसून केलेली मोठमोठी तैलचित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या आगीत त्यांतली बहुतेक गेली. मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत येऊ लागले. सुमारे ३०० चित्रं तयार झाली, लंडनच्या संग्रहालयात पोचली आणि १८८५ च्या आगीत त्यांतली शंभरावर जळाली. जपानी चित्रकार अराई कांपो यांनी १९१७-१८ मध्ये केलेल्या प्रतिकृती तोक्योत होत्या. १९२३ च्या महाभूकंपात त्यांचीही राख झाली.

एवढं जळूनही पुन्हा पुन्हा कोणी ना कोणी कागद-कॅनव्हास घेऊन अजिंठ्याला, वाघूर नदीच्या वळणावर येतच राहिलं. कारण ज्यांना अजिंठ्याला येता येत नाही, त्यांनाही ही चित्रं दिसली पाहिजेत, ही ओढ. आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या होतकरू चित्रकारांनी प्रदर्शनाचा विचार इथूनच सुरू करावा असं मला मनापासून वाटतं.

नाव कोणाचं राहिलं?

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं हे लेणं दान दिलं, असं त्यातून कळतं. दात्याचं नाव दगडात कोरलं गेलं. पण तिथलं पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र ज्याच्या हातून उतरलं, त्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही.

प्रतिकृती करणाऱ्यांचं मात्र नाव झालं, कारण त्यांचं काम लोकांसमोर मांडलं गेलं. ग्रिफिथ्सच्या तुकडीतला पेस्तनजी बोमनजी हा पोरगा पुढे नामांकित व्यक्तिचित्रकार झाला. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीसोबत लेण्यांत काम करायला कलकत्त्याहून तरुण मंडळी आली. त्यांतल्या नंदलाल बोस यांचं वय तेव्हा अवघं सत्तावीस! त्याच चमूत निजामाच्या हैदराबादेतून आलेले सय्यद अहमद होते. पुढे तेच अजिंठा लेण्यांचे क्युरेटर झाले. या चमूची चित्रं १९११ मध्ये लंडनमध्ये प्रदर्शित झाली, आणि कुठे? त्याच क्रिस्टल पॅलेसमध्ये, जिथे गिलची चित्रं जळाली होती.

पाठीवरचं प्रदर्शन

दालन नसेल तर प्रदर्शन पाठीवर घेऊन निघायचं, ही युक्ती आपल्याकडे जुनीच. चित्रकथी मंडळी कागदावर रंगवलेल्या चित्रांची पोथी घेऊन गावोगाव फिरायची. एकेक चित्र उभं धरायचं, वाद्याच्या साथीनं रामायण-महाभारतातली कथा गायची, चित्र बदलायचं, की पुढचा प्रसंग. त्यांतली बरीच जुनी चित्रं 'पैठणची चित्रं' म्हणून कलाजगतात ओळखली जातात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ती पाहायला मिळतात. ही परंपरा आज सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत जिवंत आहे. तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

चित्रकथी चित्र टांगून बाजूला होत नसे. तो चित्राशेजारी उभा राहून बोलायचा. आजचे बरेच नवे चित्रकार प्रदर्शनात कोपऱ्यातली खुर्ची पकडून मोबाइलमध्ये डोकं घालतात, तेव्हा जीव हळहळतो. बघायला आलेला माणूस दोन मिनिटं थांबला, की त्याच्याशी बोला. चित्र समजावून सांगायची गरज नसते. कुठे सुचलं, कसं केलं, किती दिवस अडलं होतं, एवढं सांगितलं तरी माणूस त्या चित्राकडे दुसऱ्यांदा वळून पाहतो.

हॉटेलात? का नाही!

के. एच. आरा यांचा जन्म सिकंदराबादजवळच्या बोलारमचा, म्हणजे तेव्हाच्या हैदराबाद संस्थानातला. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगरही, त्याच संस्थानात. आरा लहानपणीच घर सोडून मुंबईला आले, घरकाम केलं, मोटारी धुतल्या, आणि उरलेल्या वेळात चित्रं काढली. त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन भरलं ते चाळीसच्या दशकात, मुंबईच्या चेतना रेस्टॉरंटमध्ये! पुढे १९४७ मध्ये सूझा, रझा, हुसेन यांच्यासोबत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन करणाऱ्यांत आरा होते. १९५२ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदकही त्यांना मिळालं.

आपल्या शहरात निराला बाजारपासून सिडकोपर्यंत आज किती कॅफे उघडलेत! त्यांच्या मालकांना कोऱ्या भिंतींवर काहीतरी लावायचंच असतं. छापील पोस्टरऐवजी तुमची चित्रं महिनाभर लावा म्हणून विचारायला काय हरकत आहे? फक्त विक्री झाली तर हिशेब कसा, चित्राला डाग पडला तर भरपाई कोणी द्यायची, हे आधीच कागदावर लिहून घ्यावं. ओळखीच्या माणसाकडूनही.

किलेअर्कातले रंग

औरंगजेबानं सतराव्या शतकाच्या अखेरीस जिथे आपला किलेअर्क उभारला, त्याच परिसरात आता शासकीय कला महाविद्यालयाची पोरं ईझल मांडतात. जे. जे. आणि नागपूर यांच्याबरोबरीनं राज्यातलं हे शासकीय कलाशिक्षणाचं महत्त्वाचं केंद्र. मराठवाड्यातल्या कुठल्याही खेड्यातून, शेतकऱ्याच्या घरातून आलेलं पोरगं इथे पहिल्यांदा न्यूड स्टडी, ग्राफिक प्रिंट, क्ले मॉडेलिंग असे शब्द ऐकतं.

अशा महाविद्यालयांच्या वार्षिक प्रदर्शनाला शहरातला सर्वसामान्य माणूस फारसा फिरकत नाही, याचं मला वाईट वाटतं. प्रवेश मोफत असतो, चित्रं ताजी असतात आणि काढणारा समोर उभा असतो. नातेवाइकाच्या वास्तुशांतीला घड्याळ भेट देण्याऐवजी तिथलं एखादं छोटं जलरंगातलं चित्र घ्यावं, असं मी कळकळीनं सांगेन.

विद्यार्थ्यांसाठी सगळ्यांत जवळची मोठी भिंत म्हणजे कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन. त्यात विद्यार्थ्यांचा विभाग वेगळा आणि व्यावसायिक कलावंतांचा वेगळा, त्यामुळे विसाव्या वर्षी पन्नाशीतल्या दिग्गजाशी टक्कर द्यावी लागत नाही. विद्यापीठाच्या युवक महोत्सवातलं स्पॉट पेंटिंगही कमी समजू नका. अर्ध्या इम्पीरियल कागदावर, अडीच तासांत, समोर दिलेल्या विषयावर चित्र पूर्ण करायचं. ज्यानं तो ताण एकदा अनुभवला, त्याचा हात पुढे कुठेही थरथरत नाही.

विद्यार्थीच होते ते!

गणपतराव म्हात्रे यांनी 'मंदिरपथगामिनी' हे शिल्प घडवलं तेव्हा ते जे. जे. मध्ये शिकत होते. साल १८९६. पूजेला निघालेल्या त्या मराठी मुलीच्या शिल्पानं म्हात्रे यांचं नाव देशभर पोचवलं. त्याच सुमारास कोल्हापूरचे एम. व्ही. धुरंधर बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक पटकावत होते.

ही सोसायटी १८८८ ची. तिच्या वार्षिक प्रदर्शनानं किती जणांचं आयुष्य बदललं बघा. १९३६ च्या अखेरीस अमृता शेरगिल अजिंठा-वेरूळ पाहून भारावून गेली. लगेच पुढच्या वर्षी तिच्या 'तीन मुली' या चित्राला सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. ते चित्र अजिंठ्याच्या आधीचं होतं. अजिंठ्याचा रंग तिच्या त्यानंतरच्या, दक्षिण भारतातल्या चित्रांत उतरला. आणि पंढरपुरात जन्मलेले हुसेन? सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरणाऱ्या त्या माणसाकडे १९४७ मध्ये सोसायटीच्याच प्रदर्शनातल्या पारितोषिकामुळे मुंबईचं लक्ष गेलं.

'रिजेक्ट' म्हणजे काय?

१८६३ मध्ये पॅरिसच्या 'सलों' या अधिकृत प्रदर्शनानं इतकी चित्रं नाकारली, की ओरड सम्राट तिसऱ्या नेपोलियनपर्यंत पोचली. त्यानं हुकूम काढला: नाकारलेल्यांचंही प्रदर्शन भरवा, लोकांनाच ठरवू द्या. लोक आले आणि माने या फ्रेंच चित्रकाराच्या चित्रासमोर उभे राहून हसले. ते चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयाची शान आहे.

लंडनच्या रॉयल अकॅडमीचं उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून दरवर्षी भरतं. त्यात नवखा आणि नावाजलेला, दोघंही चित्र पाठवू शकतात. न्यूयॉर्कमध्ये मंदीच्या काळात, १९३१ साली, वॉशिंग्टन चौकालगतच्या फुटपाथवर चित्रं मांडून विकणाऱ्यांत जॅक्सन पोलॉकही होता. आणि १९८८ मध्ये डेमियन हर्स्ट या विद्यार्थ्यानं लंडनच्या गोदी भागातली रिकामी इमारत मिळवून सोबत्यांचं 'फ्रीझ' नावाचं प्रदर्शन स्वतःच भरवलं. आपल्या चिकलठाणा आणि वाळूज एमआयडीसीतली बंद शेड पाहिली, की मला हटकून ते आठवतं.

रस्त्यावरची भिंत

२०२३ च्या फेब्रुवारीत जी-२० च्या निमित्तानं महिला प्रतिनिधींची परिषद आपल्या शहरात झाली. तेव्हा पाहुण्यांच्या वाटेवरच्या किती तरी भिंती रंगल्या! भिंत रंगवणं हे प्रदर्शनच आहे, आणि तेही असं, की ज्याला रिक्षावाल्यापासून शाळेच्या पोरापर्यंत सगळे प्रेक्षक. पण अशी कामं घेताना एक आग्रह धरा: कोपऱ्यात तुमचं नाव आणि साल आलंच पाहिजे. ठेकेदाराच्या फलकाएवढं नसलं तरी चालेल, वाचता येईल एवढं हवं. ज्या जिल्ह्यात जगातली सर्वांत देखणी भित्तिचित्रं निनावी राहिली, तिथे हा आग्रह नवा पायंडा ठरेल.

नाटकाच्या मध्यंतरात

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात, म्हणजे १९६८ च्या वास्तूत, नाट्यगृहाबरोबर कलादालनही आहे. नाटकाला आलेला माणूस वेळ आहे म्हणून चित्रं पाहतो आणि त्याला गोडी लागते. आपल्या संत एकनाथ रंगमंदिरात आणि तापडिया नाट्यमंदिरातही मध्यंतरात शेकडो माणसं चहा-वड्यासाठी बाहेर येतात. त्यांच्या नजरेच्या टप्प्यात दहा चित्रं लागली, तर एका रात्रीत दालनातल्या आठवड्याइतके प्रेक्षक मिळतील.

सुधीर पटवर्धनांसारख्या मोठ्या चित्रकारानं २००८ मध्ये समकालीन भारतीय चित्रांचं फिरतं प्रदर्शन मुंबईबाहेरच्या शहरांत नेलं, ते याच तळमळीनं. चांगली चित्रं फक्त मुंबईच्या काळा घोडा भागातच का दिसावीत?

खिळ्यापासून टिकलीपर्यंत

प्रदर्शन लावताना नवखा कुठे चुकतो? उंचीत. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण ५८ ते ६० इंचांवर आला पाहिजे, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर. सगळ्या चित्रांचे मध्य एका ओळीत घ्या, वरच्या कडा नव्हेत. दोन माणसं दोरी धरून उभी राहिली, की काम सोपं होतं.

लेबलवर शीर्षक, माध्यम, आकार, साल आणि किंमत हवी. समजा, 'गुलमंडी, दुपार, ॲक्रिलिक, कॅनव्हासवर, ३६ × ४८ इंच', आणि त्याखाली ठळक आकडा. किंमत लिहायला आपली पोरं फार लाजतात. 'तुम्हीच काय द्याल ते द्या सर' असं म्हटलं, की समोरचाही अवघडतो आणि निघून जातो. कॅनव्हास, रंग, फ्रेम यांचा खर्च आणि त्यात लागलेले दिवस मांडून किंमत ठरवा आणि घरच्या माणसालाही तीच सांगा. चित्र विकलं गेलं की लेबलवर लाल टिकली. पहिली टिकली लागल्यावर दालनातली कुजबुज बदलते, हे कुठल्याही चित्रकाराला विचारा.

दाराशी अभिप्राय वही ठेवाच, पण त्यात 'छान', 'अप्रतिम' याखेरीज फोन नंबरचाही रकाना आखा. पुढच्या प्रदर्शनाचं पहिलं आमंत्रण त्याच नंबरांवर जातं.

जहांगीरची वारी

१९५२ मध्ये उघडलेल्या जहांगीर कलादालनात एकल प्रदर्शनासाठी वर्षानुवर्षं थांबावं लागतं, हे खरं. म्हणून तिकडचा अर्ज लवकर टाका आणि तोवर स्वस्थ बसू नका. नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्यांसाठी तिथे पावसाळ्यात 'मान्सून शो' भरतो, त्यावर डोळा ठेवा. कोचीच्या बिनालेत विद्यार्थ्यांचं वेगळं प्रदर्शन भरतं, त्याचीही माहिती महाविद्यालयात काढा.

मोठी चित्रं न्यायची कशी? फ्रेम केलेला चार फुटी कॅनव्हास आरक्षित डब्यात चढवताना जीव मेटाकुटीला येतो. त्यापेक्षा कॅनव्हास चौकटीवरून सोडवा, रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा (आत ठेवली तर रंगाला सुरकुत्या पडून तडे जातात), मधे बटर पेपर घाला आणि जाड पुठ्ठ्याच्या नळीत भरा. देवगिरी एक्सप्रेस रात्री आपल्याकडून निघते आणि सकाळी सीएसएमटीला पोचते. तिथून जहांगीर पायी अर्ध्या तासाच्या आत. चौकटीवर पुन्हा ताणून देणारे कारागीर मुंबईत आधीच ठरवून ठेवा, कारण दालन ताब्यात मिळाल्यावर चित्रं लावायला हातात फार थोडे तास असतात.