बेथेलचा रविवार

दिवाळीची सुट्टी संपली, सेमिस्टरच्या परीक्षा अजून जरा लांब आहेत आणि पहाटे पंखा बंद करावासा वाटतो, असे वर्षातले जेमतेम तीन-चार आठवडे आपल्या वाट्याला येतात. या दिवसांत आपल्या शहरातल्या ग्रुपवर वीकेंडचे प्लॅन ठरलेले. म्हैसमाळ, दौलताबाद, फारच उत्साह असेल तर वेरूळ, आणि येताना खुलताबादला भजी. यंदा माझ्या वर्गमैत्रिणीने वेगळंच सुचवलं. “जालन्याला चल, आजीकडे. शनिवारी नुसतं लोळायचं, रविवारी चर्चला जायचं. हंगामाचा सण आहे.”

आधी मला वाटलं, ती जालन्यातलं एखादं चर्च बघायला नेणार. म्हणजे फोटो, रील वगैरे. चर्च बघायचं नव्हतं, उपासनेला बसायचं होतं, हे तिथे गेल्यावर कळलं.

सिडको बसस्थानकातून लाल बस पकडली. करमाड, बदनापूर, मग जालना. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची वेचणी सुरू होती, तूर फुलोऱ्यात होती आणि रब्बीची ज्वारी गुडघ्याच्या वर आलेली. जालना म्हटलं की आपल्याला स्टीलचे कारखाने, बियाणं आणि मोसंबी आठवते. 1 मे 1981 पर्यंत हा भाग आपल्याच जिल्ह्यात होता. तरी मला तिथलं एक नाव कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं. बेथेल.

आजीचं घर दोन खोल्यांचं, मागे न्हाणी आणि शेवग्याचं झाड. मी नमस्कार केला, आजी म्हणाल्या, “सलाम, बाई.” क्षणभर मला कळेना. मैत्रीण हसली. मराठी ख्रिस्ती घरांमध्ये एकमेकांना सलामच म्हणतात, अगदी जुनी रीत आहे. आजींनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि पहिला प्रश्न विचारला, जो मराठवाड्यातली कुठलीही आजी विचारते, “जेवून आलीस का तशीच आलीस?”

संध्याकाळपर्यंत आम्ही खरंच काही केलं नाही. वाकळ पांघरून उन्हात बसलो. शेंगदाणे फोडले, गुळासोबत खाल्ले. असाइनमेंटची फाईल बॅगेतच राहिली. रात्री बाजरीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा. चुलीवरच भाकरी करायच्या हा आजींचा हट्ट. गॅस आहे, तो चहासाठी. चुलीशी बसून त्या हळू आवाजात काहीतरी गुणगुणत होत्या. चाल मला ओळखीची वाटली, अभंगाची. मी विचारलं तर म्हणाल्या, “टिळकांचं आहे.” आपले लोकमान्य नव्हेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि पुढे अहमदनगरला राहून त्यांनी अभंग आणि ओवीच्या वळणाची शेकडो भजनं लिहिली. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलंय, निदान धड्यापुरतं. टिळकांची भजनं मात्र आपल्याला माहीत नसतात. ती ‘उपासना संगीत’ या मराठी गीतांच्या पुस्तकातून दर रविवारी म्हटली जातात.

मग जेवण झाल्यावर आजींनी बेथेलची गोष्ट सांगितली. त्यांच्या सासऱ्यांच्या आजोबांपासून सुरू होणारी. तारखा त्यांना माहीत नव्हत्या, त्या मी परत आल्यावर लायब्ररीत बसून जुळवल्या.

गोष्ट सुरू होते मुंबईत, 1843 मध्ये. नारायण शेषाद्री नावाचा एक ब्राह्मण तरुण स्कॉटिश मिशनच्या संस्थेत शिकत होता. हीच संस्था पुढे विल्सन कॉलेज झाली. त्या वर्षी त्याने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, वय साधारण बारा, तोही मिशनरी रॉबर्ट नेस्बिट यांच्या घरी राहायला गेला. वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात हेबियस कॉर्पसचा अर्ज केला. कोर्टाने श्रीपतला वडिलांच्या ताब्यात दिलं. मोठा भाऊ तिकडेच राहिला.

इथपर्यंत ही एका घराची गोष्ट आहे. पण पुढचा प्रश्न सगळ्या शहराचा झाला. मिशनरींच्या घरी राहून जेवलेल्या या मुलाला परत जातीत घ्यायचं की नाही? प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं, यासाठी पुढे झाले बाळशास्त्री जांभेकर. होय, तेच, ज्यांच्या ‘दर्पण’मुळे आपण दर 6 जानेवारीला पत्रकार दिन साजरा करतो. सनातनी मंडळींनी त्यांना कडाडून विरोध केला. आमच्या पहिल्या सेमिस्टरला ‘दर्पण’ कधी निघालं, किती कॉलम होते, भाषा कुठली होती हे सगळं होतं. हा श्रीपत मात्र कुठल्याच युनिटमध्ये नव्हता. मला तो नेमका त्याच्या वयामुळे आठवत राहतो. मिशनरी, वडील, कोर्ट, शास्त्री, सनातनी, सगळे त्याच्यावर भांडले. बारा वर्षांच्या पोराला काय हवं होतं, हा मुद्दा त्या सगळ्या गलक्यात कितीसा टिकला असेल?

नारायण शेषाद्री पुढे पाळक झाले आणि 1860च्या दशकात जालन्याला आले. तेव्हा हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांनी त्यांना जालन्याजवळ जमीन दिली आणि तिथे शेषाद्रींनी एक आख्खं गाव वसवलं. त्याचं नाव ठेवलं बेथेल. हिब्रूत त्याचा अर्थ देवाचं घर. गावात येऊन राहिलेली बरीच कुटुंबं मातंग समाजातली होती. तो काळ कसला होता हे समजायला मुक्ता साळवे वाचावी. फुल्यांच्या शाळेतल्या या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला होता. त्यानंतर काही वर्षांतच बेथेल उभं राहिलं. ब्राह्मण घरातून बाहेर पडलेला माणूस आणि गावकुसाबाहेर ठेवलेली माणसं एका गावात राहायला लागली. शेषाद्री 1873 मध्ये न्यूयॉर्कच्या जागतिक ख्रिस्ती परिषदेला गेले, तेही पागोटं बांधून. 1891 मध्ये ते वारले.

“लोक म्हणतात, पोटासाठी गेले,” आजी म्हणाल्या. निखाऱ्यांवर राख ओढत होत्या. “आता पोट काय वाईट असतं का, बाई? आणि नुसतं पोट असतं तर पोटभर झाल्यावर आले असते की माघारी.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. धर्मांतराच्या बातम्या आपण रोज बघतो. डेस्कवर त्या कशा लिहिल्या जातात, हेही गेल्या दोन महिन्यांत मी बघतेय. त्यात ‘आमिष’ हा शब्द इतक्या सहज येतो की तो पुन्हा वाचायचीही गरज कुणाला वाटत नाही. पाणी भरू देणारी विहीर हे आमिष म्हणायचं का? असेल, तर ती न भरू देणाऱ्याला काय म्हणायचं, त्यासाठी बातमीत शब्द नसतो.

रविवारी सकाळी अंघोळीसाठी बंब पेटला. आजींनी ठेवणीतली पांढरी साडी काढली. मैत्रिणीने तिची कॉलेजच्या गॅदरिंगची साडी नेसली, मी सलवार-कमीज.

चर्चबद्दल सिनेमातून डोक्यात जे बसलेलं असतं ते तिथे काही सापडलं नाही. ना रंगीत काचांचा झगमगाट, ना ऑर्गन. जाड भिंतींचं जुनं, शांत चर्च. आत गारवा, बाकं, पंखे. मागच्या बाकावर एक तान्हं बाळ आणि त्याची दुधाची बाटली. पेटी होती, ढोलकी होती आणि टाळ. पहिलं गीत सुरू झालं तेव्हा मला डोळे मिटून आमच्या गल्लीतला गुरुवारचा भजनी मंडळाचा कार्यक्रम आठवला. पाळकांचं प्रवचन जरा लांबलं, हे सांगायला हवं. पुढच्या बाकावरच्या दोन मुलांनी त्या वेळात गीतांच्या पुस्तकाआड फोनवर क्रिकेटचा स्कोअर तीनदा बघितला. सगळीकडची पोरं सारखीच.

प्रार्थनेत मात्र नावं घेतली गेली. कुणाचा नवरा दवाखान्यात, कुणाची नोकरीची मुलाखत, कुणाच्या कापसाला भाव नाही. पावसाने गेलेल्या सोयाबीनसाठीही प्रार्थना झाली. पीकविम्याचा उल्लेख देवापुढे होताना मी पहिल्यांदाच ऐकला.

मध्येच मी मैत्रिणीकडे बघितलं. ती तोंडपाठ गात होती, डोळे मिटून. तीन वर्षं एका वर्गात असून मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. आडनावावरून सगळ्यांनी तिला परस्पर कुठल्या तरी जातीत टाकून ठेवलं होतं आणि तिनेही कधी दुरुस्त केलं नव्हतं. कारण विचारलं तर ती म्हणाली, “एकदा सांगितलं की मग दोन तास समजावत बसावं लागतं. बाटलेले का? मग पैसे मिळतात का? मग आरक्षण आहे का?”

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिला चांगलंच ठाऊक आहे. 1950च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. 1956 मध्ये त्यात शीख आले, 1990 मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम दलित अजून बाहेरच आहेत. प्रकरण सुप्रीम कोर्टात कित्येक वर्षं पडून आहे आणि 2022 मध्ये केंद्राने यासाठी माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोगही नेमला. स्कॉलरशिपचा फॉर्म भरताना आपण जो रकाना दोन सेकंदांत टिक करून पुढे जातो, त्यापाशी ती दरवर्षी थांबते. ज्यांच्या पणजोबांना जात बघून पाणी नाकारलं गेलं, त्यांच्या नातीला ती जात कागदावर सांगता येत नाही. आणि गावात, भाड्याची खोली शोधताना, लग्न जमवताना ती जात कुणी विसरलेलंही नसतं. मला यात कायदा कळतो, तर्क कळत नाही.

उपासना संपली आणि बाहेर मांडवात खरी गंमत सुरू झाली. हंगामाच्या सणाला प्रत्येक घर आपल्या शेतातलं, परसातलं पहिलं काहीतरी आणतं आणि मग त्याचा लिलाव होतो. पैसे चर्चला. बाजरीची पोती, मोसंबीच्या करंड्या, मेथीच्या जुड्या, कोंबडा, अंडी, शेवग्याच्या शेंगा, कुणीतरी घरी केलेला केक आणि एक प्रचंड लाल भोपळा. शेत नसलेल्यांनी दुकानातून तेलाची पिशवी आणलेली. इथे वस्तूला बाजारभाव नसतो. एका अंड्याला शंभर रुपये गेले, कारण ते एका आजारी म्हातारबाबांनी पाठवलं होतं. ज्याने ते घेतलं त्याने लगेच परत टेबलावर ठेवलं, पुन्हा बोली लावा म्हणून. दुसऱ्या वेळी दीडशे.

भोपळ्यावर आजींचा डोळा होता. नाताळाच्या करंज्या-शंकरपाळ्यांना अजून अवकाश आहे, तोवर भोपळ्याचे घारगे, हा त्यांचा हिशेब. समोरून त्यांच्याच वयाच्या एक बाई बोली चढवत होत्या. पन्नास, साठ, ऐंशी. दोघींचं जुनं काहीतरी असावं, कारण मांडवातले सगळे हसायला लागले होते. बोली पुकारायला माइक माझ्या मैत्रिणीकडे होता. कॉलेजच्या स्टेजवर आभारप्रदर्शनालाही नाही म्हणणारी ती पोरगी टेबलावर हात आपटून ओरडत होती, “एकशे वीस एक वार! एकशे वीस दोन वार! आजी, बघा बरं, भोपळा चाललाय!”

आजींनी कमरेचा बटवा सोडला आणि म्हणाल्या, “दोनशे. आणि नाव माझ्या नातीच्या मैत्रिणीचं लिही.”

भोपळा सव्वातीन किलोचा निघाला. बसमध्ये मांडीवर घेऊन आले.