पिंक फ्लॉइड, पौड रस्त्यावरून

पुण्यात वादाला विषय लागत नाही, असं बाहेरचे म्हणतात. ते खरं नाही. विषय लागतो, फक्त तो मिटणारा नसावा एवढी एक अट असते. बालगंधर्व की केशवराव भोसले, हा वाद घालणारी पिढी गेली, ती दोघांनाही प्रत्यक्ष न ऐकलेल्या नातवंडांच्या हाती वाद सोपवून गेली. आमच्या चौघांच्या कंपूतही असाच एक वाद कॉलेजच्या दिवसांपासून चालू आहे. पिंक फ्लॉइडचा सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता? चौघांचेही केस गेले, वाद जागचा हललेला नाही.

ज्या वाचकांचा या नावाशी संबंध मुलाच्या टी-शर्टवरच्या त्रिकोणापुरताच आला असेल, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९६५ साली लंडनमध्ये चार तरुणांनी हा बँड काढला. नाव घेतलं ते पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन अमेरिकन ब्लूज गायकांकडून. सिड बॅरेट हा त्यांचा पहिला म्होरक्या. गाणी तोच लिहायचा, गायचाही तोच. पण नशेनं आणि मनाच्या आजारानं तो असा काही हरवला, की १९६८ मध्ये बाकीच्यांना त्याच्याविना पुढं जावं लागलं. त्याच्या जागी डेव्हिड गिलमोर आला. रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट आणि निक मेसन हे आधीचे तिघे होतेच. तीन मिनिटांत गाणं आटोपण्याची रॉकची रीत मोडून तबकडीची अख्खी बाजू व्यापणाऱ्या रचना करणारे जे बँड त्या काळात निघाले, त्यांतला हा सर्वांत लोकप्रिय. विलंबित ख्यालाला सरावलेल्या कानाला वीस-पंचवीस मिनिटांचं काय अप्रूप? मला तरी वाटतं, आमच्या घरांत हे संगीत लवकर रुजलं त्याचं एक कारण हेच असावं. अर्थात वडील ते मान्य करीत नसत.

आमच्याकडे हे आलं कॅसेटवरून. कॅम्पातल्या एका दुकानात कोरी कॅसेट आणि यादी दिली, की आठवड्यानं भरून मिळायची. सी-नव्वदच्या एका बाजूला ४५ मिनिटं. ‘डार्क साइड ऑफ द मून’ ४३ मिनिटांचा आणि ‘विश यू वेअर हिअर’ ४४ मिनिटांचा. जणू मापं घेऊनच शिवलेले. ‘द वॉल’ दोन तबकड्यांचा, ८१ मिनिटांचा, त्याला स्वतंत्र कॅसेट. उरला ‘अ‍ॅनिमल्स’. त्याच्या मागच्या बाजूला दुकानदार हाताला येईल ते भरून द्यायचा. आमच्याकडच्या कॅसेटवर बोनी एम होतं. आमचा वाद पुष्कळसा या कॅसेटींनीच ठरवला आहे. जोडीनं आलेले दोन अल्बम सगळ्यांनी ऐकले, एकटा पडलेला फार थोड्यांनी.

आमच्यातला बँकवाला ‘डार्क साइड’चा. मार्च १९७३ मध्ये आलेला हा अल्बम अमेरिकेतल्या खपाच्या यादीत सातशेहून अधिक आठवडे होता, हे तो व्याजदरासारखं तोंडपाठ सांगतो. पैसा, काळ, वेड, मरण असे सगळ्यांचेच विषय, आणि एका रचनेतून दुसरीत जाताना कुठं सांधा दिसत नाही. त्यातला क्लेअर टोरी या गायिकेचा शब्दांविना आलाप हे त्याचं ब्रह्मास्त्र. त्या आलापासाठी तिला ३० पौंड मिळाले होते. २००४ मध्ये ती कोर्टात गेली, दुसऱ्या वर्षी तडजोड झाली आणि तेव्हापासून रचनाकार म्हणून राइटसोबत तिचंही नाव लागतं. हे सगळं मान्य. पण तो अल्बम मला फार घोटून गुळगुळीत केलेला वाटतो. कुठं बोट ठेवायला जागाच नाही.

दुसरा आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झाला आणि तो ‘द वॉल’चा! ज्या गाण्यात लंडनच्या इस्लिंग्टन ग्रीन शाळेची पोरं मास्तरांच्या नावानं ओरडतात, ते या मास्तरांना सर्वांत प्रिय. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी शिक्षणाविरुद्ध शाळेवर बहिष्कार घालणाऱ्या मुलांनी ते गाणं उचललं आणि १९८० मध्ये तिथल्या सरकारनं त्यावर बंदी घातली, हा त्याचा मुद्दा बिनतोड आहे. माझा आक्षेप लांबीला. दुसरी तबकडी निम्मी करता आली असती. शिवाय वॉटर्सनं याच अल्बमच्या वेळी राइटला बँडबाहेर काढलं आणि कार्यक्रमांपुरतं पगारावर ठेवलं. नियतीचा विनोद असा, की ते खर्चिक कार्यक्रम तोट्यात गेले आणि त्यांतून पैसे मिळाले ते फक्त पगारी राइटला. बँकवाला यावर दरवेळी नव्यानं हसतो.

माझा पक्ष ‘विश यू वेअर हिअर’चा, सप्टेंबर १९७५चा. त्यातली मुख्य रचना अल्बमच्या दोन टोकांना विभागलेली आहे. सुरुवातीला मिनिटांमागून मिनिटं नुसता सुरांचा धुरळा, त्यातून गिलमोरच्या गिटारचे चार स्वर येतात. फक्त चार, आणि पुढचं सगळं त्या चारांतून उलगडतं. विषय आहे हरवलेला सिड. ५ जून १९७५ रोजी अ‍ॅबी रोड स्टुडिओत या रचनेवर काम चालू असताना एक जाडजूड, डोकं आणि भुवया भादरलेला माणूस आत येऊन बसला. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो सिडच होता. ज्याच्या नसण्याचं गाणं, तोच समोर बसलेला आणि कुणाला पत्ता नाही! ही हकीकत कळण्याच्या आधीपासून मला हा अल्बम आवडतो, हे मी तिघांनाही वारंवार सांगत आलो आहे.

चौथा आमचा यजमान, कासार आंबोलीचा. चांदणी चौक, भूगाव, भुकूम, पिरंगुट मागं टाकून पौडकडं निघालं की त्याचं गाव लागतं. वाद तिथंच रंगतो, कारण आवाज वाढवला तरी शेजारी तक्रार करीत नाहीत. आता शेजारी वाढलेत ते निराळं. तो ‘अ‍ॅनिमल्स’चा. बोनी एमवाली कॅसेट त्याचीच. जानेवारी १९७७मधल्या या अल्बमवर सहसा कुणी जीव टाकत नाही. ऑर्वेलच्या ‘अ‍ॅनिमल फार्म’ची छाया, माणसांची तीन जातींत वाटणी. लचके तोडणारी कुत्री, वर बसून उपदेश करणारी डुकरं आणि मान खाली घालून चाललेली मेंढरं. ‘डॉग्ज’ ही रचना एकटीच सतरा मिनिटांची. गोडवा औषधाला.

आम्ही तिघे याला एककल्ली रागीट अल्बम म्हणतो. त्याचं म्हणणं, राग आहेच, पण तो कुणाचा ते बघा. मुखपृष्ठावर लंडनचं बॅटरसी वीजघर आहे. चार धुराड्यांच्या मधोमध फुग्याचं डुक्कर तरंगतंय. (डिसेंबर १९७६ मध्ये छायाचित्रणाच्या वेळी हे डुक्कर दोर तोडून थेट हीथ्रोच्या विमानांच्या वाटेत गेलं आणि शेवटी केंटमध्ये उतरलं, ही नोंद मात्र आम्हा चौघांनाही सारखीच प्रिय आहे.) वीजघर म्हटलं की आमच्या मित्राला आजी आठवते. तिचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्याखाली गेलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांनी मावळ्यांना घेऊन टाटांच्या त्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तुरुंगवास भोगला, तरी धरण झालंच. पाणी भिऱ्याला उतरलं आणि वीज मुंबईला गेली. “दिवे कुणाकडं लागले आणि अंधार कुणाकडं झाला, ते या चित्रात मला न सांगता कळतं,” असं तो म्हणतो. यावर काय बोलणार?

पुढं जमिनींचे दिवस आले. पौड रस्त्यानं इंद्रायणी, आंबेमोहोर पिकवणाऱ्या खाचरांत प्लॉट पडले, दलालांच्या गाड्या आल्या. ‘मुळशी पॅटर्न’ या २०१८च्या चित्रपटानं ही कथा सगळ्या महाराष्ट्राला दाखवली. तिथल्यांना ती आधीच ठाऊक होती. त्याच धामधुमीत आमच्या बँकवाल्यानं आमच्या मित्राच्या चुलतभावाकडून दहा गुंठे घेतले, एका एजंटामार्फत. व्यवहार कायदेशीर होता. भाव मात्र असा, की वर्षभरात त्याच जमिनीचे तिप्पट सांगू लागले. चुलतभावाची रक्कम मोटारसायकल आणि मुलीच्या लग्नात संपली. त्यानंतरच्या बैठकीत कुणीतरी ‘डॉग्ज’ लावलं आणि यजमान शांतपणे बँकवाल्याला म्हणाला, “यातलं तुझं कडवं कोणतं रे?” बँकवाला चहा अर्धा टाकून उठला. दोन वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत आणि आमची बैठकही मोडली. संगीतावरून मैत्री तुटत नाही असं लोक समजतात. ती संगीतावरून तुटलीही नव्हती, पण वाद घालायला दोघांकडं शब्द होते ते तेवढेच.

फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स मुंबईत आला. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर कार्यक्रम होता. मास्तरांनी कुणालाही न विचारता चार तिकिटं काढली आणि आम्हांला एकाच गाडीत कोंबलं. लोणावळ्यापर्यंत गाडीत फक्त मास्तर बोलत होते. कार्यक्रमाच्या पहिल्या भागात ‘वॉल’मधलं झालं, ‘विश यू वेअर हिअर’मधलं झालं आणि त्या भागाचा शेवट झाला तो ‘शीप’नं. मेंढरं उलटून उठतात ते गाणं. दुसऱ्या भागात अख्खा ‘डार्क साइड’. क्लेअर टोरीचा तो आलाप सुरू झाला तेव्हा आमचा कासार आंबोलीकर मान वाकडी करून बँकवाल्याच्या कानात ओरडला, “हा तेवढा तुझा बरा आहे!” परतीच्या वाटेवर दोघे चुलतभावाच्या मुलाच्या नोकरीबद्दल बोलत होते. ती पिरंगुटच्या एका कारखान्यात लागली. गुंठ्यांचा विषय मात्र आजतागायत निघालेला नाही.

वाद अर्थातच चालू आहे. माझं मत ‘विश यू वेअर हिअर’च आहे, फक्त तो मी कासार आंबोलीत लावत नाही, तिथं ‘अ‍ॅनिमल्स’च ऐकावा. २०२२ मध्ये त्याची नव्यानं मिसळलेली आवृत्ती निघाली. आधीच्यापेक्षा ती मोकळी आहे आणि मेसनचे ढोल आता स्वच्छ ऐकू येतात. त्याच वर्षी १९८३ पासून बंद पडलेलं बॅटरसीचं वीजघर दुकानं, कचेऱ्या आणि महागडे फ्लॅट यांनी भरून पुन्हा उघडलं. ही बातमी मी यजमानाला वाचून दाखवली. त्यानं मुखपृष्ठ उचलून धुराडी नीट पाहिली आणि विचारलं, “तिथंही गुंठ्यावर देतात, की चौरस फुटावर?” बँकवाल्यानं चष्मा पुसत उत्तर दिलं, “चौरस फुटावर.” मग तबकडी उलटली.