घोडा आला, स्वार नाही

मुंबई गाठलेल्यांपैकी अनेकांनी काळा घोडा पाहिला असेल. त्याची जर्मन बादशहाशी असलेली सोयरीक मात्र थोड्यांनाच ठाऊक.

मूळ पुतळा ब्रिटिश युवराज एडवर्डचा. १८७५-७६ च्या त्याच्या भारतभेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला. १८७९ मध्ये तो बसला. स्वार भावी सम्राट, पण मुंबईकरांनी नाव ठेवलं ते घोड्याचं! १९६५ मध्ये दोघांचीही रवानगी राणीच्या बागेत झाली.

एडवर्डच्या थोरल्या बहिणीचे सासरे म्हणजे कैसर पहिला विल्हेल्म. कोब्लेन्झला, ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या संगमावर, १८९७ मध्ये त्यांचा अश्वारूढ पुतळा उभारला गेला. चौथरा सोडून नुसता पुतळाच १४ मीटरचा. १९४५ मध्ये अमेरिकी तोफगोळ्यांनी तो कोसळला. पुढे कित्येक वर्षं रिकाम्या चौथऱ्यावर जर्मनीचा झेंडा तेवढा फडकत होता. १९९३ मध्ये नवा कैसर वर चढला, तोही बऱ्याच वादावादीनंतर.

मुंबईत २०१७ मध्ये नवा काळा घोडा आला. त्याच्या पाठीवर कुणीच नाही.